बंदरातल्या स्फोटानंतर घर आणि इमारत सावरताना: आधी काय, मग काय

बंदरात मोठा स्फोट झाला तरी किलोमीटर-दोन किलोमीटरवरच्या बहुतेक इमारती उभ्याच राहतात. आतली माणसंही बहुतेक वाचतात. मग पुढच्या दोन दिवसांत कुणाचा हात फाटतो, कुणाच्या डोळ्यात काच जाते, कुणाच्या डोक्यावर पंखा येतो, तडकलेला सज्जा खाली येतो आणि विम्याचा दावा पुराव्याअभावी अडकतो. यातलं बरंचसं घाईमुळे होतं. करायची कामं साधारण सगळ्यांना ठाऊक असतात, गडबड होते ती क्रमाची. आणि सगळ्यात पहिली चूक म्हणजे लगेच झाडू हातात घेणं.

पहिला स्फोट शेवटचा धरू नका

१४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी फुटलं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि त्यांच्याच शेजारी कापसाच्या हजारो गासड्या. दुसरा स्फोट झाला ४ वाजून ३४ मिनिटांनी. मधल्या अठ्ठावीस मिनिटांत मदतीला आणि बघायला, दोन्हींसाठी लोक गोदीकडे धावले होते. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात १६ एप्रिल १९४७ला सकाळी ‘ग्रँडकॅम्प’ फुटलं आणि शेजारचं ‘हाय फ्लायर’ जवळपास सोळा तासांनी, मध्यरात्रीनंतर. चीनमध्ये तिआनजिनला २०१५ साली दोन स्फोटांत जेमतेम अर्ध्या मिनिटाचं अंतर होतं आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता. म्हणजे मधला वेळ अर्धं मिनिटही असू शकतो आणि सोळा तासही. म्हणून घड्याळावर भरवसा नको. बंदरात ज्वाळा किंवा दाट धूर दिसतोय तोवर दुसरा स्फोट होणार असंच धरून चाला.

याचा व्यवहारातला अर्थ एकच: खिडकीशी जायचं नाही, मोबाइलवर चित्रण करायलाही नाही. कॅनडात हॅलिफॅक्सला ६ डिसेंबर १९१७ला बंदरात जळणारं जहाज लोक घराच्या खिडक्यांतून बघत उभे होते. ते फुटलं तेव्हा सुमारे ५,९०० जणांच्या डोळ्यांना इजा झाल्याची नोंद आहे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. स्फोटाचा दाब त्याहून थोडा वेगानं येतो. दोन किलोमीटरवर लखकन उजेड दिसला तर हातात पाचेक सेकंद आहेत. तेवढ्यात आतल्या बोळात किंवा जिथे काच नाही अशा भिंतीआड जमिनीवर पालथं पडायचं आणि डोकं हातांनी झाकायचं. आवाज ऐकू आला की मग बघू, असं म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही.

माणसं

हात-पाय चिरून रक्त उसळत असेल तर स्वच्छ कापडानं जखमेवर घट्ट दाब द्या. पाच-दहा मिनिटं तो सोडू नका. तरीही थांबत नसेल तर जखमेच्या वर चार बोटांवर (सांध्यावर नाही) दीड-दोन इंच रुंद पट्टी गुंडाळा, त्यात काठी घालून पिळा आणि बांधल्याची वेळ पट्टीवर किंवा कपाळावर पेनानं लिहा. बारीक दोरी किंवा वायर वापरू नका, ती मांसात रुतते आणि रक्त मात्र थांबत नाही. एकदा पिळलेली पट्टी दवाखान्यात पोचेपर्यंत ‘जरा सैल करून बघू’ म्हणून सोडायची नाही.

खोल रुतलेली काच उपटू नका. तिच्या दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या रचून ती हलणार नाही अशी बांधा. डोळ्यात काच असेल तर चोळणं, धुणं, दाबणं, सगळं बंद. कागदी पेला डोळ्यावर पालथा ठेवा आणि चिकटपट्टीनं कडेला लावा, म्हणजे डोळ्यावर भार येत नाही. शस्त्रक्रिया करावी लागेल हे धरून खायला-प्यायला काही देऊ नका. ‘एक्स-रेत काच दिसत नाही’ हा समज खोटा आहे. दोन मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा बहुधा दिसतो. शिवलेली जखम आठवड्यानंतरही टोचत असेल तर एक्स-रे मागून घ्या.

कानात घंटा वाजतेय, कमी ऐकू येतंय, थोडं रक्त आलंय: तेल नाही, थेंब नाहीत, पाणी जाऊ द्यायचं नाही, डॉक्टर. फाटलेला पडदा बऱ्याचदा आपोआप भरून येतो, तेल घालून जंतू आत ढकलले तर येत नाही. बाहेरून खरचटलेलंही नाही पण दम लागतोय, छाती दुखतेय किंवा पोट दुखतंय, अशा माणसाला रांगेत मागे ठेवू नका.

धुराचा रंग लक्षात ठेवा. अमोनियम नायट्रेटच्या स्फोटानंतर नारिंगी-तपकिरी लोट उठतो, ४ ऑगस्ट २०२०ला लेबनॉनमध्ये बैरूतच्या बंदरावर उठला तसा. तो रंग नायट्रोजन डायऑक्साइडचा. हा वायू फसवा आहे. श्वासात गेला की थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि सहा ते चोवीस तासांनी फुप्फुसात पाणी साचायला लागतं. त्या लोटात सापडलेल्या माणसाला दिवसभर एकटं झोपू देऊ नका. रात्री दम लागला तर सकाळची वाट न बघता दवाखाना. साधा रुमाल किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, हा वायू अडवत नाही.

गॅस, वीज, लिफ्ट

गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी बसवा. पाइप गॅस असेल तर घरातला आणि शक्य असल्यास जिन्यातला कॉक बंद करा. काचा फुटल्यामुळे घर आधीच मोकळं आहे, पण सिलिंडरचा गॅस जड असतो आणि जमिनीलगत, मोरीत, गटारात साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर छताकडे जातो. वास नसेल तर मेन स्विच खाली करा. पुन्हा चालू करताना एकेका खोलीचा एमसीबी (बिघाड असला की आपोआप पडणारा स्विच) वर घ्या. जो टिकत नाही ती खोली वायरमन येईपर्यंत बंद.

लिफ्ट नको. दारं उघडतात म्हणून ती ठीक आहे असं नाही. दाराच्या खोबणीत काच अडकलेली असते आणि रेल किंचित वाकली असली तरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते.

मग पंखे. पंख्याखाली उभं राहण्याआधी टॉर्चनं वर बघा. हुकाजवळचा काँक्रीटचा खपला उडालाय का, दांड्याच्या बोल्टमधली स्प्लिट पिन जागेवर आहे का, हे दिसतं. पिन निसटलेली असेल तर पंखा चालू केल्यावर थरथरत बोल्ट बाहेर येतो आणि मग सगळा पंखा. फॉल्स सीलिंग लोंबतंय तर ते वाचवायचा नाद सोडा, लांब काठीनं आधीच पाडून घ्या. एसीचं बाहेरचं युनिट आणि गीझर यांचे ब्रॅकेट भिंतीपासून सुटलेत का ते बघा. मुंबईत आणखी एक गोष्ट असते ती म्हणजे कुंड्यांनी भरलेली पेटीसारखी ग्रिल. ती चार-सहा खिळ्यांवर लटकलेली असते. खाली रस्ता अडवून मगच कुंड्या एकेक करून आत घ्या.

फोटो, आणि मग काच

झाडण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून चार, प्रत्येक खिडकीचा एक लांबून आणि एक जवळून, प्रत्येक तड्याचा एक नाणं किंवा पट्टी शेजारी ठेवून. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या मागच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा फोटो वेगळा. दोन खोल्यांच्या घराला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं वाचवणारे नंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर मोकळ्या, स्वच्छ खोलीत उभे राहून नुकसान तोंडानं सांगत बसतात.

आता काच. आधी तिचं वजन समजून घ्या. काचेच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटर अडीच किलो. पाच मिलिमीटरची, १.२ बाय १.५ मीटरची एक सरकती खिडकी म्हणजे साडेबावीस किलो काच. अशा चार खिडक्या म्हणजे नव्वद किलो. सिमेंटची रिकामी पोती एकात एक घालून दुहेरी करा आणि एका पोत्यात पंधरा किलोपेक्षा जास्त भरू नका. पोतं अर्धंही भरणार नाही. मोह होतो, पण गच्च भरलेलं पोतं जिन्यात मांडीला घासतं आणि आतली काच पोतं फाडून मांडी चिरते. पोत्यावर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. उचलणाऱ्या सफाई कामगाराला ते दिसलं पाहिजे.

अंगावर काय हवं: जाड तळाचे बंद बूट, चामडी हातमोजे (रबरी नव्हे), चष्म्यावरूनही बसेल असा गॉगल, एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या. चप्पल घालून हे काम करायचंच नाही. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना आधी दुसऱ्या घरी पाठवा.

चौकटीत अडकलेले सुळे आधी काढायचे, जमीन नंतर. चौकटीत वरून खाली जायचं, कारण वरचा सुळा सुटला तर तो कोयत्यासारखा सरळ मनगटावर येतो. खिडकीसमोर न उभं राहता बाजूला उभं राहा, खाली जुनं ब्लँकेट पसरा, तुकड्याला चिकटपट्टी लावा आणि आतल्या बाजूला ओढून घ्या. खालच्या पदपथावर दोरी बांधून एक माणूस शिट्टी घेऊन उभा असल्याशिवाय वरच्या मजल्यांवर हे सुरू करू नका. स्फोटाचा दाब आधी ढकलतो आणि लगेच मागोमाग ओढून घेतो, म्हणून काच आतही पडते आणि बाहेरही. बाहेरचे तुकडे छज्ज्यावर आणि ग्रिलमध्ये अडकून राहतात आणि वारा सुटला की दोन दिवसांनी पडतात.

जमिनीवर आधी पाणी शिंपडा, म्हणजे बारीक चुरा उडत नाही. मोठे तुकडे हातानं, मग खराटा आणि सपाट फावडं, मग ओलसर केरसुणी. त्या केरसुणीच्या काड्यांत काच बसते, ती पुन्हा घरात वापरायची नाही, पोत्यातच टाकायची. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. पिशवी फाटते आणि काचेची पूड मागच्या बाजूनं तुमच्याच तोंडावर येते. शेवटी खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून बघताना स्वच्छ वाटणारी फरशी तेव्हा चांदण्यासारखी चमकायला लागते. ते कण कणकेच्या ओल्या गोळ्यानं टिपायचे. गोळा फिरवायचा आणि टाकून द्यायचा. फरशी पुसायचं फडकं हातानं पिळू नका. हात इथेही कापतो, कारण तोवर हातमोजे काढून झालेले असतात.

कपडे मोकळ्या जागी झटका, सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. सोफ्याच्या फटी रुंद चिकटपट्टीनं साफ होतात, गादीच्या होत नाहीत. काच घुसलेली गादी फेकायचीच.

गादीवरून आठवलं: कापूस. १९४४ला जळता कापूस उडून वस्तीवर पडला आणि आगी पसरल्या, त्या आटोक्यात यायला तीन दिवस लागले. कापसाची आग वरून पाणी मारल्यानं विझत नाही. वरचा थर भिजतो आणि आत निखारा तसाच धुमसत राहतो. ठिणगी पडलेली गादी-उशी खाली उघड्यावर नेऊन उसवायची आणि बादलीत बुडवून भिजवायची. गच्ची, माळा, दुकानांच्या ताडपत्र्या, कौलांखालचा कचरा दर दोन तासांनी बघायचा, निदान चोवीस तास.

इमारतीत राहायचं की नाही

फुटलेल्या काचांवरून इमारतीचं काही कळत नाही. मोठी साधी काच १-२ किलोपास्कल दाबाला फुटते. १ किलोपास्कल म्हणजे चौरस मीटरला साधारण शंभर किलोंचा रेटा, काँक्रीटच्या चौकटीला तो जाणवतही नाही. बैरूतला तर नऊ-दहा किलोमीटरवरच्या विमानतळाच्या टर्मिनललाही फटका बसला. पण दारांच्या चौकटीच भिंतीतून निखळल्या असतील तर दाब त्याच्या कितीतरी पट होता. विटांच्या भिंती फुगल्या किंवा पडल्या असतील तर खांब-तुळयांचीही तपासणी झाल्याशिवाय आत झोपायचं नाही.

पाहणी बाहेरून सुरू करा. इमारतीच्या दीडपट उंचीइतकं लांब उभं राहून चारही बाजू बघा. गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, सज्जे, जाहिरातींचे फलक. खांबांच्या रेषा सरळ दिसतात का? शंका आली तर ओळंबा लावा. दोन मीटर उंचीत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त कल नवीन दिसला तर सगळ्यांना बाहेर काढा आणि आत परत कुणाला पाठवू नका, दागिने आणायलाही नाही.

मग जिना, कारण सुटकेची वाट तीच. पायऱ्यांची पाटी आणि चौक जिथे जुळतात तिथली आडवी भेग वाईट.

मग आत. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका. घाबरायचं ते पुढच्या गोष्टींना: खांबाला तिरकी भेग, खांब-तुळईच्या जोडावर काँक्रीट उडून सळई दिसणं, सज्ज्याच्या मुळाशी वरच्या बाजूला भेग. सज्ज्याची सळई वरच्या अंगाला असते, म्हणून खालून ठीक दिसणारा सज्जा वरून तुटलेला असू शकतो. त्यावर पाय देऊन बघू नका, आतून वाकून बघा. स्लॅबचं उलट आहे. स्लॅब खालून येणाऱ्या दाबासाठी बांधलेली नसते. दाब आत शिरून स्लॅबला वर ढकलतो तेव्हा खोलीच्या मधोमध, वरच्या फरशीवर भेग पडते. फरशी मध्येच उचललेली दिसली तर अभियंत्याला ती आवर्जून दाखवा, नाहीतर तो फक्त छताकडे बघून जाईल.

माझगाव, डोंगरी, मशीद बंदर भागातल्या लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतींना वेगळी नजर लागते. तिथे तुळईचं टोक भिंतीत शिरतं ती जागा बघा. वर्षानुवर्षं रंग दिलेल्या तुळईवर भिंतीलगत बिनरंगाच्या लाकडाचा पट्टा दिसला तर तेवढी भिंत बाहेर सरकली आहे. पट्टा सेंटीमीटरभर असला तरी हलक्यात घेऊ नका. टोक आत सडलेलं असेल तर आधार किती उरलाय ते कुणालाच दिसत नाही. बैरूतच्या जम्मैझे आणि मार मिखाएल भागातल्या कमानींच्या, लाल कौलांच्या घरांची हीच गत झाली. सुमारे ६४० ऐतिहासिक इमारतींना फटका बसला आणि त्यांतल्या साठेक कोसळण्याच्या बेतात होत्या. तिथे दुरुस्तीच्या कितीतरी आधी टेकू आणि ताडपत्र्या लागल्या, कारण पाठोपाठ पावसाळा येत होता.

भेग नवी की जुनी? नवीचे काठ स्वच्छ, टोकदार आणि आतून ताज्या विटेच्या किंवा सिमेंटच्या रंगाचे असतात. जुनीत रंग उतरलेला, धूळ, कोळ्याचं जाळं. नव्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख-वेळ लिहा. भेगेवर आडवी, बोटभर रुंद प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी थापा. चोवीस तासांनी आणि तीन दिवसांनी बघा. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून चालतेय.

अडकलेलं दार लाथेनं उघडण्याआधी वरची लिंटेल (चौकटीवरची आडवी तुळई) बघा. ती तडकली असेल तर ते दारच तिला तोलून धरत असू शकतं.

टेकू देताना होणारी चूक नेहमीची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या तुळईला लोखंडी प्रॉप लावतात आणि तो दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर उभा करतात. म्हणजे भार नुसता एका मजल्यानं खाली सरकला, आणि तोही आधीच हादरलेल्या स्लॅबवर. प्रॉप एकाखाली एक, सरळ रेषेत, जमिनीपर्यंत गेले पाहिजेत. प्रत्येकाच्या खाली आणि वर २०० बाय ५० मिलिमीटरची फळी हवी. स्क्रू किंवा पाचर हातानं घट्ट होईल एवढीच आवळा. तुळई ‘वर उचलायची’ नसते. उचलायला गेलात तर पलीकडे नवी भेग पडते. आणि हे काम गवंड्यानं अभियंत्याच्या सांगण्यावरूनच करायचं.

पावसाआधी खिडक्या

हॅलिफॅक्सला स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी हिमवादळ आलं. १९४४च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या हातात पावसाळ्यापूर्वी आठेक आठवडे होते. काच मिळायला वेळ लागतोच, सगळ्या शहराला एकाच वेळी हवी असते. तोवर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक वापरा. प्लास्टिकची कड २५ बाय ५० मिलिमीटरच्या लाकडी पट्टीभोवती दोनदा गुंडाळा आणि पट्टी चौकटीला दर पंधरा-वीस सेंटीमीटरवर स्क्रूनं आवळा. नुसता खिळा ठोकून लावलेलं प्लास्टिक पहिल्या झोताला खिळ्यापासून फाटतं, आणि हातोडीनं तडकलेली भिंत आणखी सुटते. खालच्या कडेला बोटभर फट ठेवा, नाहीतर ते शिडासारखं फुगतं. प्लायवूड तळमजल्यापुरतंच. दहाव्या मजल्यावरून सुटलेला प्लाय खालच्या माणसाला काचेइतकाच जीवघेणा.

पाणी आणि खाणं

उघडे डबे, पीठ, तांदूळ, साखर, मीठ, फ्रिजमध्ये झाकण नसलेलं सगळं टाकून द्या. चाळून काच जात नाही. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालेलं असतं. टाकी रिकामी करून तळ पुसल्याशिवाय ते पाणी प्यायला वापरू नका, उकळल्यानं काच आणि रसायन जात नाही.

राडारोडा

काच, विटा-काँक्रीट, लोखंड आणि सिमेंटचे पत्रे असे चार ढीग करा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते फोडायचे नाहीत. ओले करून, प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, वेगळे. अनोळखी पिंप, नळकांडी, पांढरे-राखाडी दाणे किंवा धातूचे गोळे सापडले तर हात न लावता जागेवर खूण करून पोलिसांना कळवा. भंगारवाल्याला तर अजिबात नाही. १९४४ला ८,००० माणसांनी सात महिने खपून सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसला, तरी गोदीच्या गाळात जहाजावरच्या सोन्याच्या विटा १९७०च्या दशकापर्यंत सापडत होत्या. सोनं सापडतं तिथे न फुटलेला गोळाही सापडतो.

ओलं धान्य दुर्लक्षित ठेवू नका. बैरूतच्या बंदरातल्या उंच कोठारांत उरलेलं धान्य आंबलं, तापलं आणि जुलै २०२२मध्ये त्याला आग लागली. ३१ जुलैला कोठारांचा काही भाग कोसळला, आणि स्फोटाच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, ४ ऑगस्टला, आणखी काही. गोदामात भिजलेली पोती असतील तर पहिल्या आठवड्यातच बाहेर काढा. ढीग हाताला कोमट लागला की उशीर व्हायला लागलाय.

कागद

मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला १९१६वर कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. पोलीस किंवा महसूल खात्याचा पंचनामा होईल तेव्हा स्वतः हजर राहा, सही करण्याआधी वाचा, सुटलेली वस्तू त्यातच लिहून घ्या. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला सोसायटीतर्फे किंवा भाडेकरूंतर्फे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

घराची ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी असेल तर स्फोट तिच्यात येतो. राडारोडा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. लोक हे मागतच नाहीत, कारण बिलं ठेवलेली नसतात. गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर तिचं नुकसान मिळत नाही. पुढचं नुकसान टाळायला केलेली तात्पुरती कामं, म्हणजे प्लास्टिक, टेकू, बेशक करा, पण आधी-नंतरचे फोटो हवेत. सर्व्हेअर येईपर्यंत फुटलेला टीव्ही फेकू नका, काचेची पोती खुशाल टाका.

घातक रसायनांच्या अपघातात इजा किंवा नुकसान झालं तर १९९१च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कुणाची चूक होती हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. मुदत अपघातापासून पाच वर्षं. दवाखान्याचे केसपेपर आणि औषधांच्या पावत्यांच्या झेरॉक्स आत्ताच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं सहा महिन्यांत उडतात.

नवी काच

अभियंत्याचा लेखी निर्वाळा आल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नका. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट आधी सरळ करा, नाहीतर नवी काच बसवतानाच कोपऱ्यातून तडकेल. शक्य असेल तर लॅमिनेटेड घ्या, निदान ६.३८ मिलिमीटरची. ती तडकते पण मधला थर तुकडे धरून ठेवतो. टफन्ड काचेचे बारीक चौकोनी दाणे होतात, ते साध्या काचेपेक्षा बरे, पण खिडकी उघडी पडतेच. साध्याच काचेवर फिल्म लावणार असाल तर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, आणि फिल्मची कड चौकटीला सिलिकॉननं बांधून घ्या. नुसती मध्यभागी चिकटवलेली फिल्म म्हणजे फुटल्यावर सगळी काच एकाच तुकड्यात अंगावर.

पेन्सिलीच्या खुणा आणि प्लास्टरच्या पट्ट्या रंगकाम होईपर्यंत पुसू नका. पहिल्या जोरदार पावसानंतर पुन्हा एकदा सगळ्या पट्ट्या बघा. भिजून जड झालेली भिंत तेव्हाच हलते.